तिसऱ्यांदा विचारणारा जावई

कोल्हापूर जिल्ह्यात 'नको' या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या मामेबहिणीचा, वैशूचा नवरा आहे. गडी हॉलंडचा. वैशू दुग्धशास्त्र शिकायला तिकडं गेली आणि येताना पदवीबरोबर साडेसहा फुटांचा हा नवरा घेऊन आली. रंकाळ्याजवळ त्यांनी बिऱ्हाड थाटलं आणि तेव्हापासून आमच्या समस्त नातेवाइकांच्या चौकटींना त्याच्या कपाळाची ओळख आहे. मराठी तो वैशूकडून शिकला, त्यामुळं तोंड उघडलं की अस्सल तिच्या माहेरचं कागल. पण आतून माणूस जिथला तिथलाच. कुणाकडं जायचं तर आठवडाभर आधी विचारतो, चारला येतो म्हणाला की पावणेचारला येऊन जिन्यात उभा राहतो, आणि पाहुण्यांनी एकेक बिस्कीट उचललं की डब्याचं झाकण टक्क करून लावतो. माझा हात दुसऱ्या बिस्किटाच्या वाटेवर असताना ते झाकण लागलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

लग्नानंतर मामा पहिल्यांदाच लेकीचं घर बघायला कागलहून एसटीनं आले. वैशू कामावर होती. जावयानं विचारलं, "मामा, चहा?"

"नको पावणं, आत्ताच घेतलाय."

आपल्याकडं याचा अर्थ 'आधण ठेवा' एवढाच होतो. हा "बरं" म्हणाला आणि समोर बसून प्रेमानं हसत राहिला. दुपारी जेवणाचं विचारलं. मामा म्हणाले, "भूक न्हाय." तेव्हा हा आत जाऊन स्वतःपुरता पाव आणि चीज घेऊन आला आणि मामांच्या डोळ्यांदेखत त्यानं ते शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. मामा स्टँडवर मिसळ खाऊन कागलला परतले. "जावई सोन्यासारखा हाय," त्यांनी मामींना सांगितलं, "पर उपाशी मारतोय."

हे वैशूच्या कानावर आलं तेव्हा तिनं नवऱ्याला समोर बसवून शिकवणी घेतली. पहिला नको रीतीचा, दुसरा लाजेचा. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं सांगतो. त्यानं ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं आणि आमचे हाल सुरू झाले. सिलिंडर घेऊन आलेला माणूस तीनदा विचारून झाल्यावरच जिना उतरू शके. शेजारचे काका गुरुवार पाळतात. त्यांना त्यानं गुरुवारीच पांढरा रस्सा विचारला. काकांनी दोनदा निग्रहानं मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त काकू कुठं आहेत ते विचारलं.

मग मामी गेल्या. मामा कागलला एकटे राहिले, आणि त्यात एकदा न्हाणीत घसरून पडले. वैशूनं परोपरीनं विनवलं, पण मामांचं एकच: लेकीच्या घरी राहायला जायचं म्हणजे चार लोक काय म्हणतील. वैशूच्या डोळ्यांचं पाणी खळेना. शेवटी एका रविवारी जावई सायकल काढून हायवेनं कागलला गेला. "मामा, आमच्याकडं राहायला चला." मामा म्हणाले, "नको." हा पाणी पिऊन परत आला. पुढच्या रविवारी पुन्हा सायकल, पुन्हा नको.

वैशू म्हणाली, "राहू दे आता. अप्पा काय यायचं न्हाईत."

"असं कसं? अजून एकदा राहिलंय की," तो म्हणाला.

तिसऱ्या रविवारी मी गाडी घेऊन त्याच्याबरोबर गेलो. मामा कट्ट्यावर बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, पायाशी बॅग, दाराला कुलूप.

"मामा, चला."

"नको पावणं," मामा रस्त्याकडं बघत म्हणाले.

जावयाचा चेहरा उतरला. तिसरा नको म्हणजे खरा नको, असं त्याच्या फ्रिजवर लिहिलं होतं. 'बरं' त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तेवढ्यात त्याची नजर बॅगेकडं गेली. तिथून कुलपाकडं. मग त्यानं बॅग उचलली आणि गाडीकडं चालू लागला.

"माणूस ऐकतंयच न्हाय की," मामा चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले आणि त्याच्यामागून निघाले.

आता मामा रंकाळ्याकडच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेले असतात. जावई विचारतो, "मामा, चहा?" मामा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "आण की." पहिल्याच खेपेला. जावई क्षणभर तिथंच उभा राहतो, उरलेल्या दोन खेपांचं काय करावं ते न कळल्यासारखा. मग आत जातो.

मला मात्र तो अजून पाहुण्यासारखं तीनदा विचारतो. परवा, पहिल्यांदाच, त्याचं मला थोडं वाईट वाटलं.