परब सरांची रजा

“गेटवे पुन्हा वाचा,” परब सर म्हणाले. मी वाचला. त्यांनी आकडे पुन्हा टाइप केले, सेव्ह केले आणि कार्ड रीस्टार्ट होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. कार्डाने उत्तर दिलं नाही.

“आता मास्क वाचा.”

“सर, सकाळपासून तेच वाचतेय.”

“मग पाठ झालं असेल. न बघता म्हणा.”

परळच्या आमच्या रक्तपेढीत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे चाललं होतं. सर्व्हर अडकला की रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदी थांबतात, आणि परब सर लालबागहून चालत येऊन तो सुरू करतात. म्हणून ते कधी रजा घेत नाहीत. नव्या सर्व्हरमध्ये मॅनेजमेंट कार्ड आहे. त्याला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता दिला की सर्व्हर कुठूनही बंद-चालू करता येतो. वायर सरांनी दसऱ्याआधीच जोडून ठेवली होती. उरले होते फक्त त्या पत्त्याचे आकडे: गेटवे, मास्क वगैरे. सरांच्या साठीची शांत मालवणजवळ त्यांच्या गावी होती, त्याच संध्याकाळची गाडी होती, आणि कार्ड लागलं नाही तर येणार नाही, असं त्यांनी म्हाताऱ्या आईला कळवून टाकलं होतं.

मराठीत एम. ए. करून मी इथे नोंदी करायला लागले, त्या पहिल्या दिवशी सरांनी मला पासवर्ड पुन्हापुन्हा बदलायला लावला. दुपारी माझ्याकडे डबा नाही हे पाहून स्वतःची घावनं न विचारता पुढे सरकवली. दोन्ही गोष्टी आजही चालू आहेत. पहिलीने डोकं उठतं. दुसरीमुळे राग टिकत नाही.

“दुसरा कुठला तरी नंबर टाकून बघा ना,” आमच्या शिंदे सिस्टर म्हणाल्या.

“तुम्ही रक्तगट असा बघता का, सिस्टर?”

शेवटी सर उठून सर्व्हरच्या मागे गेले. त्यावर झेंडूचा हार होता. वडील गिरणीत मागाला हार घालायचे, म्हणून दसऱ्याला सरांच्या सर्व्हरलाही हार असतो.

“इथली वायर कोणी हलवली?”

“मी,” सिस्टर म्हणाल्या. “हार बसत नव्हता. काढली आणि परत लावली की!”

“कुठे?”

“शेजारच्या रिकाम्या भोकात. हिरवा दिवा लागला. अजून काय पाहिजे?”

मी ओरडणार होते. सरांनी वायर कार्डात लावली. “हार पुढून घालायचा, सिस्टर. पुढे देव, मागे वायरी.”

कार्डाने लगेच उत्तर दिलं. त्यावर सरांनी मला सगळे आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले.

“सर, गाडी!”

“मास्क राहिला.”

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातलं थोडं त्यांनी रजेवर घालवावं, ही रक्तपेढीतल्या आम्हा सर्वांची इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर अडकला. परब सरांनी गावच्या पडवीत बसून तो सुरू केला. मग फोन करून शिंदे सिस्टरना हार उतरवायला सांगितलं. फुलं सुकली असतील, म्हणाले.