पाटीवरचा आवाज

ऑफिसात त्यांना कुलूपकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. कामच तसं. कंपनीचे प्रोग्रॅम ज्या बंद डब्यांत चालतात, त्या कंटेनरांना ते 'फक्त वाचायचं, लिहायचं नाही' अशी तंबी देऊन ठेवत. चोर शिरलाच, तर त्याला भिंतीवर साधी रेघही ओढता येऊ नये! एखादा प्रोग्रॅम फारच कुरकुरला, तर त्याला मेमरीत तात्पुरती जागा द्यायची. पाटीच म्हणा ना. हवं ते खरडा. यंत्र बंद झालं की पाटी कोरी.

असा माणूस घरी तरी गप्प बसेल? काकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. काकांनी जुन्या कॉम्प्युटरवर एक कंटेनर उभा केला. काकूंनी तिकडून मोबाइलवरचं बटण दाबून बोलायचं, आवाज इकडे येऊन पडायचा. जेवताना काका ऐकत बसत.

"अहो, गॅस बंद केलात ना? आणि टॉवेल पलंगावर टाकला नाहीत ना?"

टॉवेल पलंगावरच असायचा, आणि काका त्या आवाजाला "नाही गं" म्हणून खुशाल थाप मारायचे. फोन मात्र करत नसत. 'ये आता' म्हणायचं तर जीभ जड व्हायची.

एकदा सवयीनं त्यांनी या कंटेनरलाही 'लिहायचं नाही'चं कुलूप घातलं. प्रोग्रॅम अडून बसला. काकांचा हात सरावलेला. आवाज साठवायची जागाच त्यांनी, जुन्या आवाजांसकट, पाटीवर देऊन टाकली. छान चाललं. मग एका रविवारी उत्साहाच्या भरात त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

जेवायला बसले, बटण दाबलं. चिडीचूप. घास हातातच राहिला.

शेवटी फोन केला. "अगं, तुझं बोलणं गेलं. सगळं."

"अहो, त्यात होतं काय? गॅस आणि टॉवेल!"

"तेच गं."

"फोन केला असतात तर रोज ताजं ऐकवलं असतं. इकडे मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होते."

काकांनी पलंगावरचा टॉवेल उचलला, उगाच घडी घातली.

"कधी येतेस?"

तिकडे बाळानं भोकाड पसरलं.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या. आलं होतं हो, चांगलं आलं होतं.

काकांनी पुन्हा विचारलं, चांगलं मोठ्यानं. शेजारणीलाही ऐकू गेलं. नाहीतर ही गोष्ट बाहेर पडली कशी असती?