नव्याच्या पोटात जुनं

चिमणीसारखी भरतकाम करणारी बाई शोधून सापडायची नाही, आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणं हे तिच्या दादाचं काम. शाळेचा बिल्ला असो नाहीतर बँडवाल्यांच्या पाठीवरचा वाघ असो, चिमणी तो आधी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडायची, मग मशीन तो कापडावर भरायचं. शिकवलं कुणी नाही. प्रोग्रॅम जुनापुराणा, पण तिची आजवरची सगळी चित्रं त्याच्यातच. दुसरीकडे उघडतच नाहीत.

एक दिवस जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. दादानं कुणाला न विचारता नवा आणला आणि "दुकानातला सगळ्यात भारी!" म्हणून गल्लीभर दवंडी पिटली. चिमणीनं त्यात जुना प्रोग्रॅम टाकला, तर नव्यानं सरळ हात वर केले. हा माझ्यावर चालायचा नाही.

"एवढा भारी, आणि एवढंसं झेपत नाही?"

"ह्याच्या मेंदूची घडणच वेगळी आहे रे दादा. जुन्याची भाषा ह्याला कळत नाही."

"मग नवा प्रोग्रॅम घेऊ. काढ चित्रं परत पहिल्यापासून."

"सगळी? तूच काढ!"

चिमणी हट्टाला पेटली. डोकं खाजवत, चहा गार करत तिनं नव्याच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला. प्रोग्रॅमला वाटावं, आपण आपल्याच घरात आहोत. चालायला लागला पठ्ठ्या! फक्त त्याचं प्रत्येक बोलणं नव्याला समजावून सांगावं लागायचं, म्हणून सगळं दमानं. आणि दादाकडे सगळं होतं, दम सोडून.

"फुटबॉलवाल्यांच्या जर्सीत ह्यानं दगा दिला," त्यानं बजावलं, "तर नवा प्रोग्रॅम. मग रडायचं नाही."

चिमणीचा चेहरा उतरला.

सामन्याच्या दिवशी फुटबॉलचे सर सकाळीच येऊन उभे राहिले. जर्सी सगळ्या तयार, गोलकीपरची तेवढी राहिलेली. चिमणीनं ती मशीनच्या चौकटीत ताणून बसवली आणि बाकीच्यांना इस्त्री करायला आत गेली.

सरांसमोर दादाला गप्प बसवेना. "बघा आता आमचा वेग," म्हणत त्यानं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग पाहुण्याच्या दाराची बेल वाजवावी तसं दाबतच सुटला.

मशीन सुरू झालं. छातीवर संघाचं चिन्ह, सुरेख ससाणा, उमटला. मशीन क्षणभर थांबलं आणि त्याच ससाण्यावर दुसरा ससाणा भरायला लागलं.

"दोनदा भरतं," दादा म्हणाला, "पक्कं होतं."

तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा सरांनी दादाकडे पाहिलं. दादानं छताकडे पाहिलं. ससाणा फुगत फुगत गुबगुबीत कोंबडी झाला, आणि टक्कन सुई मोडली.

चिमणी धावत आली. "दादा, कितीदा दाबलंस?"

"एकदाच! बाकीचं आपलं... आठवण म्हणून."

"जुना प्रोग्रॅम ऐकत होता रे! उत्तर द्यायला वेळ लागतो, पण सांगितलेलं विसरत नाही. जितक्यांदा दाबलंस, तितक्यांदा भरणार."

सर कडाडले, "अहो, फेका ते जुनं डबडं! नवं घ्या काहीतरी!"

चिमणीनं दादाकडे पाहिलं. हेच तर त्याला हवं होतं. पण बाहेरच्या माणसानं चिमणीच्या कामाला डबडं म्हटलं आणि दादाची छाती वीतभर पुढे आली.

"डबडं? सर, अनोळखी घरात बसवलाय त्याला, तरी सांगाल तितकं निमूट करतो! तुमच्या पोरांना सांगा एवढं ऐकायला. हा प्रोग्रॅम ह्या दुकानातून हलायचा नाही!"

सर काही बोलणार, तेवढ्यात चिमणीनं नवी सुई लावली, दादाचे उरलेले हुकूम पुसून टाकले, जर्सीच्याच रंगाचं कापड चौकटीत घातलं, बटण एकदा दाबलं आणि हात बाजूला घेतला. वाट पाहिली. ससाणा आला, एकच. तो कापून तिनं कोंबडीवर शिवला.

"छाती जरा जड लागतेय," सर जर्सी तोलत म्हणाले.

"गोलकीपरची आहे," दादा म्हणाला. "चेंडू लागला तर दुखायला नको. असं दुसरीकडे कुणी करून देत नाही."