गयाबाईंचं रोजचं वजन

आमच्या पिंगळीच्या आवारात कापसाचा पहिला बोजा काट्यावर चढायच्या आधी रोज सकाळी एक बाई चढायची. ती माझी थोरली जाऊ, गयाबाई. आवाराच्या मधोमध तीन बल्ल्या उभ्या करून मोठा काटा टांगलेला होता. त्याच्या एका पारड्यात, म्हणजे साखळ्यांनी लटकवलेल्या लाकडी फळीवर, त्या मांडी घालून बसत, पदर नाकापर्यंत ओढत आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरून डोळे मिटून घेत. दुसऱ्या पारड्यात हमाल लोखंडी मापं ठेवत. समोर बाजेवर माझे थोरले दीर, ज्यांना सगळे आबा म्हणत, धपाट्यावर लोण्याचा गोळा घेऊन न्याहारी करत बसलेले असत. काटा थांबला की बोटं चाटत विचारत, "किती भरली?"

मी चुडाव्याहून लग्न होऊन आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून मी हे पाहिलं. हमालानं आकडा सांगितला, कापसाचा सांगतात तसाच, ओरडून. हमालांपैकी कुणी हसलं नाही. ते जमिनीकडे बघत होते. हसले ते आबा. उठून आले आणि लोण्याच्या बोटांनी बाईंच्या दंडाला चिमटा घेऊन गाडीवानांना म्हणाले, "बगा, माझ्या घरचं समदं तूप हितं जमा झालंय." बाईंच्या चोळीच्या बाहीवर त्या बोटांचे तेलकट डाग उमटले होते. इतकी वर्षं झाली, पण ते डाग मी अजून विसरले नाही.

गयाबाई अंगानं मोठ्या होत्या, यात खोटं काही नाही. पण त्या अंगाला आळस ठाऊक नव्हता. हमाल, गाडीवान, आलेगेले व्यापारी, सगळ्यांच्या भाकऱ्या त्या एकट्या थापत. मूलबाळ नव्हतं. त्यावरून बोलणी खावी लागत, तीही त्या हातातलं काम न सोडता ऐकत. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्यांनी धाकट्या बहिणीसारखं जवळ घेतलं. "सुशे, ह्या घरात जेवायला लाजू नको. लाजायला दुसरं लय हाय हितं," असं म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. ताकात माशी पडली, व्यापारी खोटं बोलला, कुणी बायकोला मारल्याचं कानावर आलं, की नाकाला पदर लावून म्हणायच्या, "ईऽऽ, शिसारी यायलीय माय!" माशीला आणि माणसाला त्या एकाच सुरात हा शब्द लावत. आबा निजामाच्या काळात लाल रुमी टोपी घालून अंमलदारांच्या मागे हिंडायचे आणि पोलीस ॲक्शननंतर आठवड्याच्या आत पांढरी टोपी घालून सभेत पुढे बसायला लागले. त्यावर बाई चुलीपाशी मला हळूच म्हणाल्या होत्या, "टोपी बदलली गं. डोस्क्यातल्या उवा त्याच हायेत."

हे वजनाचं प्रकरण कसं सुरू झालं, तेही त्यांनीच मला सांगितलं. आबांना चालताना धाप लागे, बाईंचे गुडघे दुखत. म्हणून दोघं हैदराबादेला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी दोघांनाही वजन उतरवायला सांगितलं. गोड, तूप कमी करा, चाला आणि आठवड्यातून एकदा वजन करून बघा, त्याहून जास्त वेळा बघू नका, असं बजावलं. आबांनी परत आल्यावर गावभर सांगितलं, की डॉक्टरांनी मंडळींचं, म्हणजे बाईंचं, वजन उतरवायला सांगितलंय. आठवड्याचं त्यांनी रोजचं केलं. पुढं सकाळ-संध्याकाळ केलं. आणि स्वतः एकदाही त्या फळीवर बसले नाहीत.

"तुम्ही सांगत का नाही सगळ्यांना, बाई?" मी विचारलं.

"सांगून काय व्हतंय? त्यान्ला माझं वजन न्हाई उतरवायचं, सुशे. त्यान्ला मला तिथं बसलेली बगायचंय."

त्या काट्यावर बाईंचं जेवण ठरायला लागलं. सकाळी आकडा उतरला तर दोन भाकऱ्या, चढला तर एक. संध्याकाळी तो सकाळपेक्षा चढलेलाच असे. दिवसभर माणूस पाणी पितं, काही खातं, तेवढं भरणारच. पण आबांना ते पटत नसे. "दिवसभरात शेरभर चढली. चुलीपाशी बसून गिळायलीय," असं बाजेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत. म्हणताना तोंडात जिलेबी असे. पाक हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर सांडे आणि त्या डागावर माश्या बसत. ते सदरे धुवायचं काम माझ्याकडे होतं. मी ते काठीनं उचलत असे.

बाईंच्या वाट्याची भाकरी मीठ-मिरचीशी असायची. वरण, दूध बंद. पहिले काही महिने त्या खरोखर उतरल्या, तोंडावर सुरकुत्या आल्या. मग हिवाळ्यात, कापसाच्या ऐन हंगामात, आकडा चढायला लागला. आज थोडा, उद्या थोडा, असा चढतच गेला. संक्रांतीला कासार आला, तेव्हा नेहमीच्या मापाची बांगडी बाईंच्या हातात शिरेना. पायांतली जोडवी बोटांत रुतली होती. रात्री त्यांना आडवं पडवत नसे. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डोळा लागला तर लागे.

मी लपवून दूध-भाकरी नेली. त्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "जात न्हाई गं घशाखाली. आणि त्यान्ला वाटायलंय, मी चोरून खायलेय."

आबांनी खरंच कोठीची किल्ली काढून घेतली. मग एका सकाळी, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, हमालानं आकडा सांगितला. चारच दिवसांत बाई कितीतरी शेर वाढल्या होत्या. सांगताना त्याचाही आवाज पडला होता. आबा बाजेवरून उठले. तोंडातल्या पानाची पिचकारी काट्याच्या पायाशीच टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सुशीला, आजपासनं हिला पानी बी मापून द्यायचं."

बाई फळीवरून उतरल्या. उतरायला त्यांना फार वेळ लागला. उभ्या राहिल्या, श्वास घेतला आणि पदर नाकावरून मागे सारला. आवारातल्या पुरुषांनी त्यांचा पुरा चेहरा पहिल्यांदाच पाहिला असेल. सुजेनं डोळे बारीक झाले होते.

"हैदराबादच्या डाक्टरनं दोघान्ला सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आता तुमी बसा. मी मापं चढविते."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. आत लाल पान दिसत होतं. "चार माणसांत बोलायला लाज वाटंना का?"

"लाज मला रोज वाटायलीय, म्हणून डोळे मिटून बसते. तुमचे तर उघडे असत्यात. तुमाला कशी वाटंना?"

आबा बसले नाहीत, हे सांगायला नकोच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सुशे, चपला घाल. दवाखान्यात जायचंय."

तोवर मी न विचारता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी हात धुवायलाही थांबले नाही, पीठ लागलेल्या हातांनीच त्यांना धरलं. स्टेशन आवाराला लागूनच होतं, पण तेवढ्या अंतरात त्यांना पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. आमच्या मागोमाग एक म्हातारा हमाल आला, फलाटावर रिकाम्या पोत्याची घडी घालून ठेवली आणि माघारी गेला. बाई त्यावर बसल्या. गाडी येईपर्यंत एकच वाक्य बोलल्या, "आज संध्याकाळी काट्यावर जायचं न्हाई, एवढ्यानंच बरं वाटायलंय."

परभणीच्या दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. हैदराबादकडच्या, अर्धं दखनी अर्धं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी बाईंच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत बोट घालावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"वजन कब करते, अम्मा?"

"रोज. दोन बार."

"रोज? कौन करता?"

"मालक. कापसाच्या काट्यावर."

डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढली. मला वाटलं, त्यांना नीट कळलं नसावं. पण कळलं होतं. "हौला है क्या वो? येडा है?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून सावकाश मराठीत सांगायला लागल्या. "हे खाण्याचं वजन नाही. पाणी आहे. दिल थकला आहे, पाणी अंगात साठतंय. बरं माणूस पण सकाळी वेगळं, शामला वेगळं भरतं. रोज रोज बघून चरबीचं काही समजत नाही, उगाच जीव जळतो. हफ्त्यातून एक वेळ पुरे. सकाळी, उपाशी, तेच लुगडं. आणि कधी एका हफ्त्यात एवढं चढलं, पाय सुजले, दम लागला, तर खाणं नाही काढायचं. दवाखान्यात आणायचं." आणि मीठ बंद म्हणाल्या. मीठ ऐकून मला बाईंची ती मीठ-मिरचीची भाकरी आठवली.

औषधानं सूज उतरली. बाई एवढ्या हलक्या झाल्या, की खाटेवर त्यांना उचलून बसवताना मी दचकले. इतके दिवस त्या काट्यावर त्यांचं नव्हे, त्यांच्या दुखण्याचं वजन होत होतं.

आबा तिसऱ्या दिवशी आले. दवाखान्याचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल. बाईंसाठी संत्री आणली होती. खाटेच्या कडेला बसून त्यातलं एक सोललं, फोडी स्वतःच्या तोंडात टाकल्या, बिया खाटेखाली थुंकल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "आता किती भरती?"

बाईंनी नाकाला पदर लावला. आजवर त्यांचा तो ठरलेला शब्द आबांच्या पाठीमागे, चुलीपाशी उच्चारला गेला होता. त्या दिवशी समोर उच्चारला. "मला तुमची शिसारी यायलीय. उठा हितून."

आबा उठले. राहिलेली संत्री परत घेऊन गेले.

बाई पिंगळीला परतल्या नाहीत. त्यांचे भाऊ राणीसावरगावचे, बेताची शेती असलेले, पण मनाचे मोठे. दवाखान्यातूनच त्यांना घेऊन गेले. पुढची तीन-साडेतीन वर्षं त्या तिथं राहिल्या. आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी गळ घालून दोनदा तिकडं न्यायला लावलं. हे आबांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते, पण बाईंनी त्यांना हातांवर वाढवलं होतं, त्यामुळं गुपचूप गाडी जुंपायचे.

दुसऱ्या भेटीत नेमका बाजाराचा दिवस होता. सकाळीच बाई भावजयीला घेऊन ओळखीच्या धान्याच्या दुकानात निघाल्या. मीही गेले. दुकानदारानं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मापं भावजयीनं ठेवली. बाई पारड्यात डोळे उघडे ठेवून उभ्या होत्या, काट्याकडे बघत. उतरल्या आणि लुगडं झटकलं.

"किती?" मी सहज विचारलं.

"तुला कशाला? तू काय कापूस घ्यायलीस का?" त्या म्हणाल्या आणि दोघी नणंदा-भावजया खो-खो हसल्या. माझ्या तोंडून आबांचाच प्रश्न गेला, म्हणून मी शरमले. तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "डाक्टरीणबाईला सांगायचं असतंय, तिला सांगते. बाकी कुणाला न्हाई. हप्त्यातून येकदा बगायचं आणि सोडून द्यायचं. मधल्या दिवसांत मी निसती बाई असते."

चालतानाही आता त्यांना कमी धाप लागत होती. वाटेत त्यांनी माझ्यासाठी बाजारातून हिरवी चोळी घेतली.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गेल्या. सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. अंत्यविधी राणीसावरगावातच झाला. तेरावा मात्र आबांनी पिंगळीत घातला. चार लोकांत चांगलं दिसावं म्हणून पाच पक्वान्नांचं गोडजेवण केलं. वाढायला मी होते.

आबा पंगतीच्या मधोमध बसले होते. पुरणाच्या पोळीवर तूप ओतून घेत होते, चार बोटं वाटीत बुडवत होते आणि तोंड भरलेलं असतानाच शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "मी रोज वजन करायचो, तवर ती ताळ्यावर व्हती. म्हायेरी गेली आणि खाऊन खाऊन मेली."

त्यांच्या ओठांवरून पुरण परत ताटात पडलं. त्यांनी ते बोटानं उचलून पुन्हा तोंडात घातलं.

मी आजवर आबांसमोर तोंड वर करून बोलले नव्हते. हातातलं पोळ्यांचं ताट खाली जमिनीवर ठेवलं. "बाई खाऊन न्हाई मेल्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यान्ला दिलाचं दुखणं व्हतं. ते वाढायलं तवा तुमी त्यांची भाकरी काढली, पानी मापून द्यायला सांगितलं. दवाखान्यात तुमी त्यांचीच संत्री खाल्ली. तुमच्या पंगतीला वाढायची मला किळस यायलीय."

आणि मग आमचे हे, ज्यांनी आयुष्यात भावापुढे मान वर केली नव्हती, ते अर्ध्या ताटावरून उठले. भरल्या पंगतीतून असं उठणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ह्यांनी हात धुतले आणि मला म्हणाले, "चल. सामान बांध."

उंबरा ओलांडताना मागून आबांचा आवाज आला. माझे पाय क्षणभर थांबले. वाटलं, काही का असेना, भावाला हाक मारत असतील.

ते वाढप्याला म्हणत होते, "तूप आन रे हिकडं."