सुन्याची मेंढीकोट टूर्नामेंट

सुन्याच्या नावानं पेग भरू नका.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ग्रुपवर मेसेज येऊन राह्यले, "संध्याकाळी नेहमीच्या जागी बसू. पहिला पेग आपल्या सुन्यासाठी."

डोकं फिरलं माझं. म्हणून हे लिहितोय.

सुनील. चिखलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की लोक सरळ त्याच्याकडे घेऊन यायचे. माझा शाळेपासूनचा दोस्त.

डॉक्टरनं लिव्हरचा रिपोर्ट समजावून सांगितला, त्या दिवशी त्यानं दारू सोडली.

सोडली म्हणजे सोडली.

पण दोस्त कसे सोडणार? ते सगळे रोज मेहकर रोडवरच्या बारमध्ये. हा तिथं सोडा घेऊन बसायचा. कोणी म्हणे साधू झाला, कोणी म्हणे बायकोले भ्याला. हळूहळू त्याला फोन येणंच बंद झालं.

मग त्याच्या डोक्यात टूर्नामेंट आली. पत्त्यांतल्या मेंढीकोटची.

त्याच बारमध्ये, रविवारी दुपारी. दोघादोघांच्या जोड्या. पैसे लावायचे नाहीत. आणि खेळ संपेपर्यंत टेबलावर ग्लास नाही.

मी म्हटलं, बारमध्ये दारूबंदी? येडा झाला का बे?

तो म्हणाला, पोरं दुसरीकडं येतच नाहीत, मग कुठं करू?

बारमालक तयार नव्हता. पत्ते दिसले की पोलिसांना जुगारच वाटतो, म्हणे. सुन्या स्वतः ठाण्यात जाऊन सांगून आला. जमादारांनी बजावलं, टेबलावर एक नोट दिसली तरी सगळ्यांना गाडीत घालीन. मालकाला त्यानं शब्द दिला की जेवण सगळे त्याच्याच किचनचं घेतील.

बक्षीस होतं एक जुना टेबल फॅन. सुन्यानं स्वतः वाइंडिंग करून, रंग देऊन, नव्यासारखा केलेला.

आणि मग आला तो रविवार.

डोणगावच्या जोडीतला एकच आला, दुसरा लग्नाला गेलेला. अमडापूरचे टेलर इकबालचाचा सगळ्यांच्या आधी येऊन बसले, तर त्यांचा पार्टनर फोनच उचलेना. सुन्यानं त्या दोघांची जोडी लावली.

पत्ते वाटले आणि भांडण सुरू. हुकूम आधी लपवून ठेवायचा, की खेळता खेळता ठरवायचा? प्रत्येक गावाचा नियम वेगळा आणि प्रत्येकाचाच खरा.

सुन्या टेबलाटेबलावर फिरून समजावत होता. बसला नाही, जेवला नाही.

पहिली फेरी कशीबशी झाली. मग कोणाच्या तरी कोल्ड्रिंकच्या बाटलीला वास येऊ लागला. थोड्या वेळानं तर ग्लास उघडच टेबलावर आले.

सुन्या एकेका टेबलावरचे पत्ते गोळा करू लागला.

आमच्यातलाच एक ओरडला, "बारमध्ये नाही प्याची तं काय देवळात जाऊन प्याची?"

सगळे हसले.

सुन्या हातात पत्ते घेऊन उभा होता. हळूच म्हणाला,

"मले दारूचं भेव नाही बे. तुमच्याबिगर सांजच्याले घरी बसाचं भेव वाटते."

हसणं थांबलं. पण ग्लास कोणी खाली ठेवला नाही.

एकही माणूस उठून त्याच्याजवळ गेला नाही. इकबालचाचा सोडून. त्यांनी त्याच्या हातातले पत्ते घेतले, कोपऱ्यातल्या टेबलावर त्याला बसवलं, मला आणि त्या डोणगाववाल्याला बोलावलं. आम्ही चौघं चहावर खेळलो. मागं बाकीच्यांची पार्टी चालू.

फॅन चाचाच घेऊन गेले.

सुन्यानं पुढच्या महिन्यात परत विचारलं. मालक नाही म्हणाला. दुकानात ठेवू म्हटलं तर पोरं म्हणाली, तिथं काय मजा?

मग त्यानं विचारणं सोडलं. दारू मात्र परत घेतली नाही. लिव्हर आधीच संपत आलं होतं, डॉक्टरनं उशीर झाला म्हणून सांगितलंच होतं. तरी याचा हट्ट कायम.

आणि मयतीला काय ऐकलं मी?

"एकदम सोडली ना, म्हणूनच गेला."

स्मशानात उभं राहून बोलत होते हे. मी तिथं भांडलो नाही. आज भांडतोय.

तो दारूनं गेला रे. सोडल्यानं नाही. त्याच्यासाठी तुमच्याकडं एक दुपार नव्हती, आणि आज त्याच्या नावानं अख्खी संध्याकाळ आहे.

सकाळी त्याच्या घरी गेलो होतो. सविता वहिनींनी फोटोला हार घातलेला. म्हणाल्या, "भाऊजी, त्यायच्या दोस्तायपैकी कोणी येतच नाही घरी."

ज्यांना खरंच आठवण येते, त्यांनी संध्याकाळी तिकडं जा. घर सगळ्यांना माहीत आहे. वहिनी चहा करतील.

सुन्या, तू शब्दाचा पक्का निघालास. आम्ही नाही निघालो.

जा दोस्ता, सुखानं राहा.