त्यानं गुडघे झाकले

पहिली थोबाडीत मीच मारली. नंतर पन्नास जणांनी मारलं, बांबूनं मारलं, पण सुरुवात माझी. आमच्या बुधवारा मोहल्ल्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तोंडावर बोलत नाही, कारण राग माझ्या नाकावर असतो हेही सगळ्यांना माहीत आहे.

तो नेपाळचा. त्याचा मावसभाऊ आमच्याकडं स्टेशनजवळ मोमोचा ठेला लावतो, त्याच्याकडं महिनाभर राहायला आला होता. नेपाळात पोलिसांच्या टीमकडून फुटबॉल खेळलेला, देशाची जर्सी दोनदा घातलेली. मग बांगलादेशात दोन सीझन, मालदीवला एक, आणि तिथं गुडघा गेला. ऑपरेशन झालं, वर्ष घरी बसून काढलं. आता मालदीवच्या त्याच क्लबनं परत बोलावलं होतं. पंधरा दिवसांनी जायचं, गुडघा तपासून घ्यायचा, धड निघाला तर करार. वय एकतीस. यानंतर कुणी बोलावणार नाही, हे तो स्वतःच हसत सांगायचा. पायाला सामन्याची सवय हवी म्हणून आमच्या टीमकडून खेळायला आला. आणला मीच, कारण कप्तान मी.

आम्ही त्याला बहादुर म्हणायचो. आमच्या गावात नेपाळी म्हणजे रात्री शिट्टी वाजवत फिरणारा चौकीदार, खऱ्या नावाची कुणाला पडली होती! तोही बिचारा ओ द्यायचा. पण मैदानात उतरला की बघत राहावं असा माणूस. आठ दिवसांत पोरं त्याच्यासारखे केस कापून आली. दहा वर्षं ज्या पोरांनी माझे बूट उचलले ती आता त्याची बाटली भरून आणायला लागली. मी त्याला पाण्यात बघायला लागलो. खोटं कशाला बोलू?

फायनल निंबोल्याच्या रस्त्यावरच्या मैदानात होती, समोर तापीपलीकडची टीम. खेळ कमी आणि हाणामारीच जास्त. सुरुवातीलाच माझ्या भुवईवर कोपर बसलं, डोळ्यात रक्त उतरलं. मी त्याच पोराच्या पोटरीवर बुटाचे स्टड उतरवले आणि मला बरं वाटलं. आमच्या एकाचा दात पडला. तो त्यानं चड्डीच्या खिशात टाकला आणि खेळत राहिला. रेफरी शिट्टी तोंडात धरून नुसता पळत होता. बघ्यांत केळीच्या मळ्यांतून थेट आलेली माणसं होती. घडाला टेकू देतात ते बांबू हातात घेऊन आलेली.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली तरी गोल नव्हता. चेंडू नेपाळ्याच्या पायात, पुढं एकच बॅक आणि गोली. तेवढ्यात मागं दोन डोकी एकमेकांवर आपटली, आणि समोरच्या टीमचा एक पोरगा खाली पडून आचके द्यायला लागला. रेफरीचं लक्ष नव्हतं. नेपाळ्यानं वळून बघितलं आणि चेंडू सरळ मैदानाबाहेर मारला.

कुणी जखमी होऊन पडला की चेंडू बाहेर मारायचा आणि खेळ सुरू झाला की समोरच्यानं तो परत द्यायचा. कुठं लिहिलेलं नाही, पण जगभर पाळतात. आमच्या बघ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पोराला उचलून नेलं. समोरच्यांनी चेंडू आत फेकला, परत दिला नाही, सरळ पुढं नेला आणि गोल केला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. "बहादुर बिकला" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान आत घुसलं. माझीही कॉलर धरली गेली. याला आणलं कुणी, असं विचारत दोन-चार जण मला हलवत होते. नेपाळ्या गर्दीतून माझ्याकडंच आला. त्याला वाटलं, कप्तान आहे, समजावेल.

"कप्तान, आप बताओ ना इनको," तो म्हणाला.

मला माहीत होतं. टीव्हीवर शंभरदा बघितलं होतं. खंडव्याला एकदा मी स्वतः असा चेंडू बाहेर मारला होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण कॉलरवरचा हात आवळत चालला होता, आणि आठ दिवसांची जळजळ होतीच. मी त्याच्या थोबाडीत मारली. कॉलर सुटली.

मग तो खाली पडला. लाथा, बुक्के, बांबू. माणूस असा पडला की डोकं झाकतो. यानं डोकं उघडं टाकलं आणि दोन्ही हातांनी गुडघे झाकले. कपाळ फुटलं, कान फाटला, तरी हात काढले नाहीत. त्या घोळक्यात खेळाडू मीच एक होतो. तो काय वाचवतोय हे फक्त मला कळलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. आधी बोटं मोडली, मग हात आपोआप सुटले, मग बांबू गुडघ्यावर बसला. तो आवाज मला ऐकू आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशनचा गुडघा पुन्हा गेल्याचं सांगितलं. खेळायचं विसरा म्हणाले. मावसभाऊ भिंतीकडं तोंड करून रडत होता. हवालदार रजिस्टर उघडून उभा होता, कुणी मारलं विचारत होता. नेपाळ्यानं त्याला थांबवलं आणि सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कप्तान, वो बाहर मारने वाला नियम आपको मालूम नहीं था ना?"

"नहीं मालूम था," मी म्हणालो.

त्याला ते खरं वाटलं. चेहरा जरा सैलावला. "फिर ठीक है," म्हणाला, आणि हवालदाराला सांगितलं, खेलते हुए गिरा, लिख लो.