गॅलरीच्या टोकाचे चार डबे

गणपती पाण्यात गेले की चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बायका गुणाजी तावड्यांना विचारू लागत, "यंदा आमच्या डब्यात काय लावायचं?" उत्तर लगेच मिळत नसे. तावडे आधी डब्याची जागा पाहत, मग डबा, मग सांगत, "उद्या सांगतो."

तावडे परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. गाव देवगड तालुक्यात, शिक्षण चौथीपर्यंत. चाळ भोईवाड्यात, गॅलरीचं तोंड दक्षिणेला. पावसाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा या गॅलरीत ऊन उतरत नाही. आश्विनात तो दक्षिणेकडे कलतो आणि ऊन पत्र्याखालून आत शिरतं. दसऱ्याला कठड्यापासून हातभर, संक्रांतीला थेट उंबऱ्यापर्यंत. शेजारी वर्षानुवर्षं त्या उन्हात गोधड्या वाळवत होते. तावड्यांनी ते मोजलं. दर रविवारी तासातासाला फरशीवर खडूची रेघ. इतर दिवशी गिरणीची पाळी असायची, म्हणून ते काम बायको कौसल्या करायची. "बाकीच्या दारात रांगोळी काढतात," ती म्हणायची, "मी ऊन काढते."

त्या रेघांवरून निवड ठरे. पाच तास ऊन असेल तर झेंडू किंवा मिरची. दोन तास असेल तर अबोली. जिन्याजवळच्या सावलीत पानओवा, कारण तो काहीही सोसतो आणि भजीला होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पत्र्याचा डबा तव्यासारखा तापतो, म्हणून डब्याला बाहेरून चुना आणि मातीवर गिरणीतल्या रुईच्या कचऱ्याचा थर. भोक तळाला नाही, बोटभर वर, बाजूला. तळाला भोक पाडलं तर पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतं आणि खालचे वर येतात.

शेवंती मात्र ते दुसऱ्या कुणाला सुचवत नसत. ती त्यांची स्वतःची होती. जिन्यापासून दूरच्या टोकाला कठड्याशी ओळीने अकरा रॉकेलचे डबे, सगळ्यांत एकाच पिवळ्या शेवंतीच्या मुळाशी फुटलेली पिल्लं. दिवाळीच्या आसपास ती फुलत. ते टोक कुणाच्याच खोलीसमोर नव्हतं, म्हणून सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं होतं म्हणून शेजारच्या रमाबाई पवारांचा त्यावर डोळा होता. रमाबाईंच्या घरात माणसं नऊ आणि नळाला पाणी पहाटे दोन तास. त्यांना तिथे पाण्याचं पिंप ठेवायचं होतं.

१९५५च्या दिवाळीत सात डबे फुलले. टोकाकडचे चार फुलले नाहीत. झाडं निरोगी, पानं गर्द हिरवी, उंचीला उलट इतरांपेक्षा जास्त. कळी एक नाही.

रमाबाईंनी ते तावड्यांच्या आधी पाहिलं होतं.

"भावजी, या चार डब्यांत तुम्ही मेथी पेरलीत का?"

"शेवंतीच आहे, वहिनी."

"मग ती रुसलीय. तोवर माझं पिंप उभं राहू दे तिथे."

"येतील फुलं."

"कधी? तारीख सांगा. मी काही दरवर्षी विचारत बसणार नाही."

तावड्यांनी विचार न करता संक्रांत सांगितली. मजल्यावरच्या चार-पाच जणींच्या देखत ठरलं: संक्रांतीपर्यंत फूल दिसलं नाही तर चारही डबे उचलायचे. डबे ठेवायला त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती. खोली दहा बाय बाराची, त्यात पाच माणसं. डबे उचलायचे म्हणजे झाडं फेकायची.

तावड्यांनी माती बदलून पाहिली. पाणी कमी केलं, मग वाढवलं. खडूच्या रेघा तपासल्या. त्या चार डब्यांना इतरांएवढंच ऊन होतं. एका डब्यातली माती जिभेवर ठेवून पाहिली, तेव्हा कौसल्या म्हणाली, "मीठ कमी आहे का?"

एकवीस नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. गिरण्या बंद होत्या, परळ-लालबाग रस्त्यावर होतं. संध्याकाळी भोईवाड्याच्या गल्लीतही दगड चालले. दुसऱ्या दिवशी गल्लीत काचांचा खच होता. पुढचे काही आठवडे मजल्यावर शेवंतीचा विषय निघाला नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, हाच विषय होता.

डिसेंबरच्या मध्यावर चारही डब्यांत कळ्या दिसल्या. संक्रांतीच्या दोन दिवस आधी पहिलं फूल उमललं. रमाबाई येऊन पाहून गेल्या. "जिंकलात," म्हणाल्या आणि हळदीकुंकवासाठी दोन फुलं मागून घेतली.

तावडे पैज जिंकले होते, पण ती कशामुळे जिंकली हे त्यांना कळलं नव्हतं. माणूस असा की न समजलेलं त्याला गप्प बसू देईना.

संक्रांतीनंतर लगेच मुंबई केंद्राकडे ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि शहर पुन्हा पेटलं. संचारबंदी लागली. गिरणी बंद, खाली उतरायची सोय नाही. तावडे दिवसभर गॅलरीत बसून राहिले. कठड्याशी बसल्यावर माणसाच्या नजरेला जे समोर येतं ते त्यांच्याही आलं: चाळीच्या कोपऱ्यावरचा लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला फुटका दिवा. दांडा कठड्यापासून आठ हातांवर होता. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी गॅसची बत्ती होती, तिचा उजेड इथवर पोचत नसे. हा विजेचा दिवा त्याच वर्षी गणपतीच्या आधी लागला होता. त्याचा उजेड नेमका टोकाच्या चार डब्यांवर पडायचा. आणि तो फुटल्यावरच कळ्या आल्या होत्या.

आता दिवा कोणत्या दिवशी फुटला हे नक्की हवं होतं. गल्लीत दगड एकदाच चालले नव्हते. त्यांनी दौलतला विचारलं. दौलत मोरे त्यांच्याच साचेखात्यातला, तिसऱ्या मजल्यावर राहणारा, चळवळीचा कार्यकर्ता. त्या दिवसांत त्याच्या मागावर पोलीस होते.

"दौलत, तो कोपऱ्यावरचा दिवा कधी फुटला रे?"

दौलतने इकडेतिकडे पाहिलं. "कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही. मला पाहिजे."

"कुणी फोडला ते मी सांगणार नाही, गुणा."

"ते नकोच. कधी, तेवढं सांग."

"वेळ सांगितली की माणूस सापडतो. मला शिकवू नको."

संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर बातमी झाली की तावडे चौकशा करतात. दोन माणसांनी त्यांच्याशी बोलणं थांबवलं. एकाने कौसल्येला विचारलं की तुमच्या घरी हल्ली कोण येऊन जातं. ती वरच्या मजल्यावर गेली आणि दौलतला हाताला धरून खाली घेऊन आली.

"हे बघ," ती म्हणाली, "हा माणूस पोलिसांना शेवंतीशिवाय काही सांगणार नाही. आणि शेवंतीचं ते ऐकून घेणार नाहीत."

तावड्यांनी दौलतला डब्यांपुढे उभं केलं आणि आपला तर्क सांगितला: शेवंतीला उन्हाइतकाच काळोख लागत असावा, रात्र मोठी झाली की ती कळी धरते आणि दिव्याने तिची रात्र तोडली.

"म्हणजे दगड मारला म्हणून फुलली?"

"तारखेवर आहे."

"एकवीस नोव्हेंबर," दौलत म्हणाला. "सातच्या सुमारास. आणि माझं नाव कुठे लिहू नको."

तावड्यांनी बोटांवर दिवस मोजले. काळोख पडल्यापासून बावन्नाव्या दिवशी फूल. हिशेब जुळत होता, पण एकदाच. एकदा जुळलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मागावरही एक धागा नीट बसला म्हणून कापडाचा पूर्ण ताका चांगला निघत नाही.

फेब्रुवारीत दिवा पुन्हा लागला. त्या आठवड्यात तावडे रमाबाईंच्या दारात गेले.

"वहिनी, ती पैज मी जिंकलो नाही. दिवा फुटला म्हणून फुलं आली. यंदा तो लागलाय, आता येणार नाहीत."

रमाबाई भांडी घासत होत्या. "मग हे सांगायला कशाला आलात? मला कळलंही नसतं."

"मला एक बघायचंय. चारांपैकी दोन डब्यांची जागा मला ठेवा. उरलेल्या दोनांच्या जागेवर तुमचं पिंप आणा."

"आणि बघायचं काय?"

त्यांनी सांगितलं. रमाबाईंनी पटलं नसल्यासारखी मान हलवली. पण पिंप दुसऱ्याच दिवशी आलं.

१९५६च्या गणपतीनंतर तावड्यांनी एकाच झाडाची दोन पिल्लं निवडली, उंचीला सारखी, पानांना सारखी. दोन्ही टोकाला, एकमेकांशेजारी. एका डब्याभोवती काठ्या रोवल्या. दिवा लागायच्या आत त्यावर काळी घोंगडी टाकायची, सकाळी काढायची. दुसरा उघडा. अडचण पाळीची होती. दुसरी पाळी असली की दिवेलागणीला ते गिरणीत. कौसल्या बाळंतपणाला गावी गेलेली. घोंगडी टाकायची कुणी?

"पिंपाशेजारीच तर आहे," रमाबाई म्हणाल्या. "झाकते मी. पण एक दिवस विसरले तर मला बोलायचं नाही."

त्या एकदाही विसरल्या नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात घोंगडीखालच्या शेवंतीला नऊ फुलं होती. उघड्या डब्यात पानंच पानं. मजल्यावरची माणसं येऊन दोन्ही डबे पाहून गेली. दौलत दोनदा आला.

तावड्यांनी त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी दिव्याखाली शेवंती नाही, अबोली लावायची. जिन्याजवळ रात्रभर बल्ब जळत असतो आणि त्याच्या उजेडात कठड्याकडच्या उन्हाला ठेवलेली अबोली बारा महिने फुलते, हे त्यांनी पाहिलं होतं. रमाबाई पिंपातून पाणी काढत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मग अबोलीला दिव्याचं काहीच कसं वाटत नाही?"

तावड्यांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. रमाबाईंनी कळशी खाली ठेवली आणि कठड्याशी असलेल्या दोन डब्यांकडे पाहिलं.

"घोंगडी राहू द्या," त्या म्हणाल्या. "एका अबोलीवर टाकून बघू."